'बिनटाक्याची नाकाची सर्जरी' सांगून 72,000 ला नागवलं

72,000 रुपये. बुकिंगचे 5,000 ऑनलाइन, बाकीचे 67,000 रोख, कारण 'रोख दिले तर सूट बसते'. त्यातले 40,000 भिशीचे. बदल्यात मिळालं एक इंजेक्शन.

माझ्या नाकाच्या दांड्यावर उंचवटा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लिनिकात म्हणाले, 'कायमचा काढू. बिनटाक्याची ऱ्हायनोप्लास्टी, तासाभरात घरी.' मी लातूरची, एम.कॉम. झालेली, वाचून गेले होते. दोन नाकपुड्यांच्या मधे बाहेरून छेद देतात ती ओपन, सगळं आतून करतात ती क्लोज्ड. बिनटाक्याची म्हणजे क्लोज्डच ना, असं तिथल्या मॅडमला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, 'हो, तसंच समजा.' ते 'तसंच समजा' आठवलं की अजून अंगाची लाही होते.

खुर्चीत बसवलं, बधिर व्हायचं मलम चोळलं, बारीक सुई. भूलतज्ज्ञ नाही, थिएटर नाही. हाड घासलं तर नाक हलू नये म्हणून आठवडाभर स्प्लिंट, म्हणजे कडक पट्टी, लागते, सूज पुरती उतरायला वर्ष जातं. मी त्याच संध्याकाळी एसटीनं घरी, नाकावर पट्टीसुद्धा नाही! पण आरशात नाक सरळ दिसत होतं. सरळ दिसल्यावर शंका कोण काढतं?

उंचवट्याच्या वर-खाली फिलर, म्हणजे कातडीखाली सुईनं भरायचं जेल, भरून खड्डे बुजवले होते. म्हणजे नाक कमी झालंच नाही, उलट भर पडली. वर्षाच्या आत फिलर विरलं, उंचवटा जागच्या जागी. वर त्यांचं म्हणणं, '30,000 भरा, पुन्हा करू.' आणि पावती? 'स्किन ट्रीटमेंट, 5,000'.

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, डोळासुद्धा जाऊ शकतो. हे नंतर खऱ्या प्लास्टिक सर्जननं सांगितलं. इथं कोऱ्या फॉर्मवर सही घेतली होती.

लातुरातल्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा तिकडचा, तिकडं जा. गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवायची सोय म्हणजे झिरो एफआयआर, ती कागदावरच. तिकडचा हवालदार, 'ताई, नाक तर जाग्यावर हाय की, कामून तक्रार?' आणि शेजारचा फिदीफिदी हसला. महापालिकेत उत्तर, खाटा नाहीत म्हणजे नर्सिंग होम नाही, आमच्याकडे येत नाही. बोगस डॉक्टर शोधायची समिती असते, तिचा अर्ज कुठं द्यायचा हे तिथल्या तिघांनी तीन टेबलं दाखवून सांगितलं. चोर मोकळा आणि झेरॉक्सचा खर्च माझा.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर टाकून बघा. पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असेल तर सर्जन समजू नका, एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही सर्जनची पदवी आहे का, तोंडावर विचारा. रोख तर अजिबात नको. कुणी 'नाकातल्या पडद्याचं ऑपरेशन दाखवून मेडिक्लेममध्ये बसवतो' म्हणालं तर उठून या. ते पडद्याचं ऑपरेशन, म्हणजे सेप्टोप्लास्टी, श्वासासाठी असते, तिनं उंचवटा जात नाही. फिलरच घ्यायचं असेल तर डबी समोर फोडायला लावा, तिच्यावरचं बॅचचं स्टिकर मागून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षांची. माझी तक्रार तिथं टाकली आहे. 72,000 चा व्हॉट्सॲप मेसेज त्यांनी डिलीट केला, पण स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.