एसीच्या खोलीला कोणती पट्टी लावावी? फोम, रबर आणि दाराखालचा ब्रश

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दीड टनाचा एसी दुपारभर थांबायचं नाव घेत नाही. मेकॅनिक येतो, जाळी धुतो, गॅस तपासतो. दाराखालच्या फटीकडे मात्र कुणी वाकून बघत नाही. त्या फटी बुजवायला बाजारात तीन वस्तू सहज मिळतात: फोम टेप, ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम) रबराची पट्टी आणि दाराच्या तळाला बसणारी अ‍ॅल्युमिनियमची ब्रशपट्टी. तिन्हींचं काम आणि टिकाऊपणा सारखा नाही.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ब्रशपट्टीवर घाला. हिशेब असा: ७ बाय ३ फुटांच्या दाराखाली अर्धा इंच फट असेल तर ती सुमारे ११६ चौरस सेंटिमीटर होते. उरलेल्या तिन्ही बाजूंना २ मिलिमीटरची फट धरली तरी सगळी मिळून १०४. एकटी खालची फट तिघींना भारी पडते. शिवाय थंड हवा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि तिथूनच निसटते, आणि तेवढीच गरम हवा वरच्या झरोक्यातून आत ओढली जाते.

ब्रशपट्टी घेण्याआधी फट तीन ठिकाणी मोजा: बिजागरीकडे, मधे आणि कडीकडे. फरशीला उतार असतो, म्हणून दार उघडून पूर्ण फिरतं तिथवरची उंचीही बघा. पट्टीच्या स्क्रूची भोकं लांबट असतात. आधी स्क्रू अर्धे आवळा, दार दोनदा उघडझाप करा, ब्रशची टोकं फरशीला नुसती टेकतील अशी उंची धरा आणि मगच घट्ट करा. ब्रश दाबून बसवला तर महिन्याभरात एका बाजूला वाकतो. दोन फोमच्या नळ्या असलेली कापडी पट्टी दाराखाली सरकवून बसते, स्क्रू लागत नाही. भाड्याच्या घरात, गुळगुळीत टाइल्सवर ती ठीक आहे. खडबडीत कोटा फरशीवर घासून फाटते आणि पायपुसण्यात अडकते.

बाकी तीन बाजूंना ईपीडीएम. ही पट्टी कापलेल्या टोकाला दिसणाऱ्या अक्षराच्या आकारावरून ओळखतात: १ ते ३ मिलिमीटरच्या फटीला ‘ई’, त्याहून मोठ्या, ५ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला ‘पी’ किंवा पोकळ ‘डी’. जाडी अंदाजाने घेऊ नका. चौकटीच्या खाचेत चिकणमातीची गोळी ठेवून दार लावा, चपटी झालेली गोळी मोजा. तीच खरी फट. जास्त जाड पट्टी लावली की कडी बसत नाही, मग लोक दार खांद्याने ढकलतात आणि बिजागरी सैल होते. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं हेही ध्यानात ठेवा. मे महिन्यात जी पट्टी अगदी चपखल बसते ती ऑगस्टमध्ये दार अडवते, म्हणून उन्हाळ्यात मोजलेल्या मापाला एक नंबर पातळ घेतलेली बरी.

दोन बाजू आणि माथा मिळून १७ फूट, म्हणजे ५.२ मीटर. ५ मीटरचा रोल नेमका वीतभर कमी पडतो. पण बऱ्याच रोलमध्ये दोन पट्ट्या जोडलेल्या असतात, त्या सोडवल्या की १० मीटर होतात. घेताना तेवढं विचारा.

पट्टी निघून आली अशी तक्रार असते तिथे दोष बहुतेक वेळा चौकटीचा असतो. ऑइलपेंटवर इथली बारीक धूळ आणि तेलकट थर बसलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग स्पिरिटने पुसा. पोपडे आलेला रंग खरवडून काढा. काम सकाळी करा. पट्टी ताणू नका. ताणलेलं रबर दोन दिवसांत मागे आखडतं आणि कोपऱ्यात बोटभर जागा उघडी पडते.

फोम टेप आमच्या मते घेऊच नये. स्वस्त असते आणि लावल्या दिवशी छान दिसते, पण ऊन लागणाऱ्या खिडकीवर ती पिवळी पडते, बोटाने चोळली की भुगा होतो आणि खाली उरलेला गोंद खरवडत बसावं लागतं.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीला यातलं काहीच चालत नाही. तिच्या खाचेतला केसाळ ब्रश झिजलेला असतो. जुना तुकडा फॅब्रिकेटरला दाखवून त्याच रुंदीचा आणि उंचीचा नवा ओवून घ्या. एसीच्या पाइपचं भोक बाहेरून न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन तांब्याच्या पाइपजवळ नको, ते धातू खातं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, त्यामुळे आतून पुट्टी.

एकाच खोलीत कूलर आणि एसी दोन्ही असतील तर आधी कूलरचं तोंड झाका. दीड बाय दीड फुटाचं ते भोक उघडं असताना दाराला पट्ट्या लावून उपयोग नाही. मापाचा प्लाय कापून त्याच्या कडेला ‘डी’ पट्टी लावली की एसीच्या वेळी झाकण घट्ट बसतं. कूलर चालू करताना मात्र झाकण काढून समोरची खिडकी उघडायलाच हवी; हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि अंग चिकट.

वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, त्याला या पट्ट्या काही करू शकत नाहीत. तिथे गच्चीवर चुन्याचा पांढरा हात आधी. आणि स्वयंपाकघर किंवा गॅस गीझरची न्हाणी कधीही सील करू नका. सिलिंडरचा गॅस गळला तर जमिनीलगत पसरतो, त्याला खालची वाट मोकळी हवी; गीझरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो. न्हाणीचा झरोका उघडाच राहू द्या.