ठाणे-पुणे फिश टँक स्थलांतर सेवा: बांधणी उत्तम, पाण्याची चौकशी तोकडी

घर बदलताना फ्रिज, कपाटे आणि काचसामान नीट बांधून नेणारे पॅकर्स पुष्कळ मिळतात. मात्र जिवंत माशांच्या टाकीचा विषय काढला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. रिकामी काच आम्ही नेऊ, माशांचे तुमचे तुम्ही बघा. ही अडचण ओळखून, एरवी घरोघरी टाक्यांची देखभाल करणाऱ्या काही मंडळींनी टाकी आणि मासे दोन्ही हलवून देण्याचे काम अंगावर घेण्यास सुरुवात केली आहे. ठाण्यातील अशाच एका सेवेमार्फत आमची चार फुटी टाकी पुण्याच्या पश्चिम भागातील एका नव्या सोसायटीत आली. टाकीत एंजल, रमी नोज टेट्रांचा थवा, तळाशी फिरणारे कोरिडोरास आणि जवळजवळ हातभर लांबीचा एक जुना सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) असा संसार होता. टेम्पोभाडे, ऑक्सिजन पॅकिंग आणि नव्या जागी टाकी लावून देणे धरून साडेआठ हजार रुपये आकारण्यात आले. काम पाहता ही रक्कम मला अवाजवी वाटली नाही, तरी एका बाबतीत या मंडळींनी अधिक विचार करायला हवा होता, आणि ती बाब किरकोळ नाही.

आधी चांगल्या गोष्टी. बुकिंग पक्के होताच त्यांनी बजावले की, निघण्यापूर्वी दीड-दोन दिवस माशांना खाणे घालू नये. निरोगी प्रौढ मासा एवढा काळ उपाशी सहज राहतो. उलट भरल्या पोटी पिशवीत गेला तर त्याच्याच विष्ठेने ते लिटरभर पाणी नासते. ही सूचना अनेक दुकानदारही देत नाहीत. टाकी पाण्यासकट सरकवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे २४० लिटर पाणी मावते, म्हणजे वाळू आणि काच धरून वजन पाव टनाच्या पुढे जाते. थोडे पाणी राहू द्या, चौघे मिळून उचलू, असे सुचवणारे एखादे काका प्रत्येक घरात असतातच. त्यांना कारागिराने शांतपणे समजावले की, आत हेलकावणाऱ्या पाण्याचा ताण सिलिकॉनच्या जोडांवर येतो आणि जोड तेव्हा नाही फुटला, तरी नव्या घरी मध्यरात्री पाझरू लागतो.

ऑक्सिजन पॅकिंगचे काम पाहण्यासारखे होते. ज्यांनी कुर्ल्याच्या मासेबाजारात रविवारी खरेदी केली आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची असेल, पण तिथे घाईत जे सुटते ते इथे सुटले नाही. पिशवीच्या तळाचे दोन्ही कोपरे कारागिराने आधी चिकटपट्टीने आत दुमडून घेतले, कारण लहान टेट्रा त्या कोपऱ्यांत अडकून चेंगरतात. मग टाकीतलेच पाणी एक तृतीयांश भरले, मासा सोडला, वरची हवा हाताने दाबून पूर्ण काढली आणि सिलिंडरच्या नळीने उरलेल्या जागेत ऑक्सिजन सोडला. तोंड पिळून, दुमडून त्यावर दोन रबरबँड बसले आणि ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत गेली. एंजलना प्रत्येकी स्वतंत्र पिशवी मिळाली. कोरिडोरास जाळीने न पकडता प्लॅस्टिकच्या भांड्यात हळूच घेतले, कारण त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि ते सोडवताना मासा जखमी होतो. सकरला तर पिशवीच दिली नाही. त्याचा काटा दुहेरी पिशवीही फाडू शकतो, म्हणून त्याची रवानगी झाकणाच्या बादलीत झाली आणि बादलीत बॅटरीवरचा एअर पंप लागला.

टेम्पो ठरल्या वेळेपेक्षा बराच उशिरा आला, त्यामुळे पहाटे निघण्याचा बेत फसला आणि खंडाळ्याच्या घाटातली वाहनांची रांग भर दुपारी वाट्याला आली. पिशव्या थर्माकोलच्या पेट्यांत असल्यामुळे निभावले. निघताना पाणी २७ अंश सेल्सिअस होते आणि पुण्यात पेटी उघडली तेव्हा २८. उन्हाळ्यात थर्माकोलऐवजी साध्या खोक्यात मासे नेऊ पाहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

माझ्या मते या सेवेचे खरे कसब मात्र फिल्टर हाताळण्यात दिसले. माशांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया विषारी असतो आणि त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा आणि वाळूचे कण यांना धरून वाढतात. जुने पाणी ड्रममध्ये भरून नेले आणि फिल्टर मात्र नळाखाली स्वच्छ धुतला, तर टाकी नव्याने सुरू केल्यासारखीच होते आणि पुढच्या आठवड्यात एकेक मासा मरून वर येऊ लागतो. या कारागिरांनी कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर बसणाऱ्या फिल्टरचा बंद डबा, रिकामा करून आतले सगळे सामान टाकीच्या पाण्यात भिजवून उघड्या टबात ठेवले आणि त्यावर ओले फडके टाकले. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी तसेच तुंबले असते, तर काही तासांत आतला ऑक्सिजन संपून तेच जिवाणू गुदमरले असते. वाळूही बादलीत टाकीच्याच पाण्याने विसळली. वर्षानुवर्षे तळाशी दबलेला काळा गाळ त्यातून निघाला. तो तसाच नव्या टाकीत ढवळला गेला असता तर पहिल्याच रात्री अनर्थ झाला असता.

आता तक्रार. बुकिंगच्या वेळी भरून घेतलेल्या माहितीत लिफ्ट आहे का, मजला कितवा, टेम्पो दारापर्यंत येतो का, मासे किती, हे सारे विचारले होते. नव्या जागी पाणी कुठले, हा प्रश्न त्यात नव्हता. ठाण्याचे पाणी धरणाचे आणि मऊ; आमच्या घरी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, ८० च्या आसपास दाखवायचा. पुण्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. इथल्या नळाला मीटर लावला तेव्हा आकडा साडेपाचशेच्या वर गेला. अर्धी टाकी सोबत आणलेल्या जुन्या पाण्याने भरली होती, हे उत्तमच झाले. पण उरलेली अर्धी कारागीर थेट नळाने भरायला निघाला आणि त्यात सवयीने अँटी-क्लोरीनचे थेंब टाकू लागला. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतानाही! त्याला थांबवून आम्ही टाकी अर्धीच ठेवली, स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी सोसायटीच्या पाण्यात मिसळून पुढचे काही दिवस थोडे थोडे वाढवत नेले.

हा हट्ट कशासाठी, हे सांगायला हवे. बंद पिशवीत मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाणी आम्लतेकडे झुकते, म्हणजे त्याचा पीएच उतरतो, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढू लागतो आणि अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. त्यात बोअरचे चढ्या पीएचचे, क्षारयुक्त पाणी ओतले म्हणजे विष आणि क्षारांचा धक्का दोन्ही एकदम. म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर उघड्या पिशवीत तासन्‌तास थेंब थेंब नवे पाणी सोडत बसणे मला पटत नाही. इथे कारागिराने केले ते बरोबर होते: पिशव्या न उघडता वीसेक मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे केले, मग उघडून पिशवीतले पाणी टाकीत न ओतता मासे आत सोडले. टाकीत जुनेच पाणी असल्यामुळे हे शक्य झाले. ड्रम आणले नसते, तर बोअरच्या पाण्यापुढे ही पद्धत तोकडी पडली असती, आणि नेमका हाच हिशेब या सेवेने आधी मांडायला हवा.

स्टँड स्पिरिट लेव्हलने समतोल करून, टाकीखालचे जुने चेपलेले थर्माकोल काढून त्यांनी नवे शीट घातले. रात्री दिवा बंद ठेवायला आणि दुसऱ्या दिवशी चिमूटभरच खाणे द्यायला सांगितले. नंतर फोन करून अमोनियाची चाचणी केली का, हेही विचारले. सगळे मासे जगले. सकर मात्र लाकडाआड लपून बसला आणि बरेच दिवस दिवसाउजेडी दिसला नाही, पण तो स्वभावाने तसा आहेच.

टेट्रा, गोल्डफिश, एंजल अशा नेहमीच्या माशांची टाकी हलवायची असेल, तर मी ही सेवा पुन्हा घेईन, फक्त नव्या घरच्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच आधीच मोजून त्यांच्या हाती देईन. अरोवना किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा महागडा मासा असणाऱ्यांनी पावतीच्या मागची बाजू जरूर वाचावी: काच फुटल्यास भरपाई मिळते, मासा दगावल्यास मिळत नाही. विचारल्यावर मालकांनी याबाबत वेगळे लिहून देण्याची तयारी दाखवली, मात्र त्यासाठी ते दर वाढवून सांगतात आणि बोलणे बुकिंगपूर्वीच व्हावे लागते.