जुना इंग्लिश चांदीचा चमचा: ठसे मानेशी असलेला घ्यावा की शेंड्याशी?

अठराव्या शतकातला पहिला चमचा घेऊ म्हणणाऱ्याला शेवटी दोनांतून निवडावं लागतं. एक, साधारण १७४०च्या आसपासचा हॅनोव्हेरियन घाटाचा, ठसे (चांदीचा कस, साल आणि कारागीर सांगणाऱ्या खुणा) दांडीच्या मानेशी, म्हणजे वाटीजवळ. दुसरा, शतक संपतानाचा ओल्ड इंग्लिश घाटाचा, ठसे दांडीच्या शेंड्याजवळ. माझ्याकडे दोन्ही आहेत.

हातात धरायला हॅनोव्हेरियनच सरस. वजन छान, शेंडा वर वळलेला. तेव्हा चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून घराण्याचं चिन्ह पाठीवर कोरलेलं. त्याच्यापुढे ओल्ड इंग्लिश जरा शिष्ट वाटतो.

पण ठसे! मान ही दांडीची अरुंद जागा. तिथे ठसे मारले की चांदी पसरायची, कारागीर ती पुन्हा ठोकून आकारात आणायचा, आणि ठसे चेपायचे. माझ्या चमच्यावर चांदीच्या कसाची खूण असलेला सिंह ओळखू येतो, कारागिराची आद्याक्षरं अर्धीमुर्धी, आणि सालाचं अक्षर ‘सी’ की ‘ई’ यावर भिंग घेऊन बसलो की जेवण गार होतं. बरं, ‘सी’ धरलं तरी सुटका नाही. लंडनला दर साली एक अक्षर, आणि अक्षरमालेची फेरी वीस वर्षांची. १७३६ आणि १७७६ या दोन्ही साली सुरू झालेल्या फेऱ्यांत अक्षरं छोटी (स्मॉल) रोमनच. अक्षराभोवतीची ढालीसारखी चौकटच चेपली असेल तर १७३८ की १७७८, हे घडणीवरून ताडायचं. चहाच्या चमच्यांवर तर त्या काळी बहुधा सालाचं अक्षरच नसे.

१७८०च्या सुमाराला ठसे वर सरकले आणि हा जाच संपला. १७८४च्या डिसेंबरपासून कर भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकंही आलं. माझा दुसरा चमचा विल्यम ईली आणि विल्यम फर्न या कारागीर जोडीचा. मोठा (कॅपिटल) ‘सी’, म्हणजे १७९८. चष्म्याशिवाय वाचता येतो.

हेस्टर बेटमन या लंडनच्या नामवंत चांदीकारिणीच्या नावाचा मोह होईलच. नवरा गेल्यावर १७६१ साली तिने स्वतःचा ठसा नोंदवला, १७९०ला काम थांबवलं. त्यामुळे तिचे चमचे दोन्ही तऱ्हांचे मिळतात. नावाचे जास्तीचे पैसे मोजणारच असाल, तर निदान १७८४ नंतरचा बघा.

मानेशी असूनही स्वच्छ उमटलेल्या ठशांचा हॅनोव्हेरियन परवडणाऱ्या भावात समोर आला, तर माझं ऐकू नका, उचला. मला अजून भेटलेला नाही, आणि पुढचा चमचा मी तरी शेंड्याकडूनच तपासायला घेणार आहे.