गंजगोलाईतलं फोटोफ्रेमचं दुकान : तेरवी आणि पुण्यस्मरणाचं काम कसं आहे

सावडून घरी आलं की पहिला प्रश्न निघतो, "फोटो कोणता लावायचा?" लातूरला गंजगोलाईच्या एका गल्लीत हेच काम करणारं दुकान आहे. भिंतीवरचा मोठा फोटो, तेरवीचं फ्लेक्स आणि वर्षश्राद्धाला वाटायची छोटी पुस्तिका, तिन्ही मिळतं. फोटो उत्तम, पुस्तिका त्याहून सरस. फ्लेक्स कुठूनही घ्या.

घर चालवणाऱ्या माणसाचा धड फोटो घरात सहसा नसतोच. असतो तो लग्नाच्या घोळक्यातला, नाहीतर पासबुकावरचा. 35 बाय 45 मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) स्कॅन केला तर साधारण 1650 बाय 2125 पिक्सेल हाती येतात. त्यातून 8 बाय 10 इंच बरा निघतो. 12 बाय 18 चा हट्ट धरला की चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. इथं हे आधीच सांगतात, मोठी साइज गळ्यात मारत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच बारीक होतो. काचेला चिकटलेला जुना फोटो घरी सोलायचा नाही. फ्रेमसकट न्यावा, ते उजेड तिरका ठेवून काचेवरूनच त्याचा नवा फोटो काढून घेतात.

एआयनं फोटो 'साफ' करून देणारे आता गल्लोगल्ली झालेत. सत्तरीतले आबा चाळिशीचे होऊन येतात, गालावरचा मस डाग समजून पुसला जातो, टोपीची कलती घडी सरळ होते. म्हातारी बघते आणि म्हणते, "हे आपले नव्हंत." इथला कारागीर मस, कपाळावरचा व्रण, पडलेला दात यांतलं काय ठेवायचं ते कागदावर लिहून घेतो, मगच माउसला हात लावतो. मागं निळं आभाळ किंवा विठ्ठल हवा असेल तर टाकून देतो, पण तोंड वाकडं करून.

फ्रेम घेताना काच आणि फोटोच्या मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, मागाच. तो नसेल तर पावसाळ्याच्या ओलीनं फोटो काचेला धरतो आणि पुढं निघत नाही. ॲक्रिलिक हलकं असतं, पण बुक्का-कुंकू पुसता पुसता वर्षात ओरखड्यांनी भरतं. साधी काच बरी. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरी पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, ओला हार चढला की फ्रेम खाली. मागं दोन कड्या आणि तार लावून घ्या आणि तुळईला टांगा.

पुस्तिका बघण्यासारखी आहे. मधे पिन मारायची असल्यानं पानं चारच्या पटीत लागतात. 16 पानं पुरतात. मजकुरासाठी ते एक फॉर्म देतात. त्यात 'स्वभाव' असा रकानाच नाही. सकाळी उठून पहिलं काय करायचे, बाजारातून न सांगता काय आणायचे, कोणाची उधारी मागितली नाही, असे प्रश्न आहेत. नमुन्याच्या पुस्तिकेत एक ओळ आहे : 'पेरणीच्या दिवशी सालगड्याचं ताट आधी वाढायला लावायचे, मग स्वतः बसायचे.' 'मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ' हे शब्द कुणाच्याही नावापुढं बसतात. ही ओळ एकाच माणसाची आहे.

आता उणं. मोबाईलवर टाइप केलेला मजकूर यांच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की ऱ्य मोडतो, 'शेतकऱ्यांचा'चं 'शेतकर्यांचा' होतं. तिथी तर स्वतः तपासाच. हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात गेलेल्या माणसाची तिथी हिंदी साइटवरून उचलली की महिना एक पुढचा छापला जातो, श्रावण वद्य नवमीची भाद्रपद वद्य नवमी होते. वारकरी घर असेल तर 'कै.' नको, 'वै.' (वैकुंठवासी) हवं, हेही आधी सांगावं लागतं. शोकाकुल मंडळींची यादी एकाच माणसानं द्यावी आणि जावयांची नावं दोनदा मोजावीत. राहिलेलं नाव पुढची दहा वर्षं निघतं.

फोटोला दोन दिवस लागतात, पुस्तिकेला आठ. प्रूफ मोबाईलवर नको, कागदावर मागा. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर फक्त फ्लेक्स मिळेल.