ट्रायपॉडशेजारचा रेडिओ: टेकसन पीएल-३३०

प्रसारणातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. प्रवासाला निघताना कॅमेऱ्याच्या बॅगेत एका लेन्सची जागा मी या छोट्या रेडिओला देते. फोटोसाठी हवा असलेला उजेड आणि लांबची स्टेशनं, दोन्ही संध्याकाळीच भेटतात. सूर्य मावळला की वातावरणातला मीडियम वेव्ह शोषून घेणारा थर विरतो आणि दिवसभर मुकी असलेली केंद्रं एकेक करून बोलू लागतात.

यातली ईटीएम+, म्हणजे स्टेशनं आपोआप शोधून साठवण्याची सोय मला फार आवडली. शॉर्टवेव्हवर सकाळी असलेलं स्टेशन रात्री तिथे नसतं, म्हणून हा रेडिओ शोधलेली स्टेशनं तासागणिक वेगळी साठवतो. प्रसारणाचं वेळापत्रक ज्याने सांभाळलंय, त्याला याचं मोल कळेल.

आवाजाबद्दल मी काटेकोर आहे. छोट्या स्पीकरमधून खर्ज मिळत नाही, पण निवेदकाचा शब्दन् शब्द स्वच्छ येतो. संगीताला हेडफोनच लावा. बीएल-५सी बॅटरी सहज बदलता येते, हे प्रवासात मोठं सुख. चार्जिंग मायक्रो-यूएसबीचं, म्हणजे एक जादा केबल. विमानांचा बँड नाही. आणि ऐकताना कॅमेऱ्याचा चार्जर प्लगमधून काढून ठेवा, नाहीतर त्याची खरखर सगळं झाकून टाकते.

खरी मजा एसएसबीत, म्हणजे सिंगल साइडबँड पद्धतीचे संदेश ऐकण्यात. हॅम मंडळींचं, म्हणजे हौशी रेडिओचालकांचं, बोलणं त्याशिवाय नुसतं बदकासारखं ऐकू येतं. १४,०९९ किलोहर्ट्झ लावून यूएसबी (इथे केबल नव्हे, अपर साइडबँड) निवडा; एक किलोहर्ट्झ खाली लावलं की १४,१०० वरचे संकेत शिट्टीसारखे ऐकू येतात. १४,१०० वर जगभरातल्या १८ बीकन केंद्रांची (लहरी कुठवर पोचतात ते कळावं म्हणून संकेत पाठवणाऱ्या केंद्रांची) पाळी ठरलेली आहे: प्रत्येकाला १० सेकंद, ३ मिनिटांत एक फेरी. आधी मोर्समध्ये नाव, मग चार लांब रेघा, म्हणजे लांब सूर: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि शेवटची फक्त ०.१ वॅटची. कोणत्या दिशेचा मार्ग खुला आहे, ते तिथल्या तिथे समजतं. आत दिलेल्या अँटेनावर मला बहुतेकदा पहिल्या दोनच मिळतात. बाहेरच्या अँटेनाच्या खाचेत काही मीटर वायर जोडून ती झाडावर टाकली, तेव्हा १ वॅटची रेघ दोनदा ऐकली. चौथीसाठी फोटो काढून झाल्यावरही थांबते.