गतविजेत्यांचे हंगामी तिकीट: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फ्लोरिडा पँथर्स या आइस हॉकी संघाच्या 2024-25 च्या हंगामाचे तिकीट मी एका सहकाऱ्याबरोबर अर्ध्या भागीत घेतले होते. खुर्च्या दोन, वरच्या मजल्यावर, गोलच्या मागच्या बाजूला. एक सामना माझा, एक त्यांचा, असा सरळ हिशेब ठरला. ब्रॉवर्ड काउंटीत राहणाऱ्या माणसाला सनराइजचे अमेरंट बँक एरिना गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, पण मला या खरेदीची बुद्धी झाली ती त्या सोयीमुळे नव्हे. 24 जून 2024 रोजी याच रिंकवर या संघाने एडमंटन ऑइलर्सला सातव्या सामन्यात 2-1 असे हरवून आपला पहिला स्टॅनली चषक, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचे विजेतेपद, जिंकला होता, आणि तोही सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत 3-0 अशी आघाडी घेऊन नंतर सलग तीन सामने गमावल्यावर. त्या उत्साहाच्या भरात आम्ही पैसे भरले. विजेतेपद राखायला निघालेला संघ घरच्या बर्फावर नऊ महिने जवळून पाहणे प्रत्यक्षात कसे असते, ते इथे लिहीत आहे.

पहिला सामना नाणेफेकीत माझ्या वाट्याला आला. 8 ऑक्टोबरला मिल्टन चक्रीवादळ राज्याच्या पश्चिम किनाऱ्याकडे सरकत होते, पेट्रोल पंपांवर रांगा होत्या, आणि आत एरिनात छताकडे विजेतेपदाचा ध्वज चढत होता. बॉस्टन ब्रुइन्सविरुद्धचा तो सामना पँथर्सने 6-4 असा जिंकला. त्या रात्री तिकिटाचे सगळे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले होते, आणि तिथेच माझा अंदाज चुकला.

कारण गतविजेता संघ हा गेल्या वर्षीचाच संघ नसतो. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा असते. त्या हंगामात ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती. चषक जिंकलेल्या खेळाडूंचा भाव वाढतो, तो द्यायला संघाकडे जागा उरत नाही, आणि माणसे निघून जातात. ब्रँडन मॉन्टूर सिएटलला, ओलिव्हर एकमन-लार्सन आणि दुसरा गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ टोरांटोला, व्लादिमिर तारासेंको डेट्रॉइटला, रायन लोम्बर्ग कॅल्गरीला गेले. त्यात दुसऱ्याच सामन्यात, ओटावामध्ये, कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह घसरत जाऊन बर्फाभोवतीच्या फळ्यांवर आदळला आणि काही आठवडे बाहेर बसला. नोव्हेंबरच्या आरंभी फिनलंडमधल्या टाम्पेरे या त्याच्या जन्मगावी डॅलस स्टार्सविरुद्ध दोन सामने झाले, तेव्हा तो परतलेला होता आणि संघाने दोन्ही सामने जिंकले. अर्थात ते आम्ही घरच्या टीव्हीवर पाहिले.

नियमित हंगामातल्या सामन्यांबद्दल स्पष्टच सांगतो: निम्मे सामने पैसे देऊन पाहण्याच्या लायकीचे नव्हते. ब्याऐंशी सामन्यांचा हा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या दोन वसंत ऋतूंत हा संघ प्लेऑफचे (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचे) 45 सामने, म्हणजे अर्ध्या हंगामाहून अधिक, जास्तीचे खेळून आला होता, आणि ती थकावट जानेवारीच्या एखाद्या मंगळवारी वरच्या मजल्यावरूनही दिसत असे. खेळाडू आळस करत होते असे नव्हे. ते स्वतःला राखून खेळत होते. सॅम राइनहार्टने आधीच्या हंगामात 57 गोल केले होते, या हंगामात ते 39 वर आले. संघाचे गुण 110 वरून 98 वर उतरले आणि अटलांटिक विभागात तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

या कंटाळवाण्या महिन्यांत मला जे मिळाले, त्याचे श्रेय माझ्या आईला द्यावे लागेल. ती डिसेंबरात साताऱ्याहून आली होती. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत असताना ती स्वेटर, त्यावर शाल आणि कानाला रुमाल अशा थाटात माझ्या शेजारी बसली. पक, म्हणजे काठीने ढकलायची ती रबराची चकती, तिला शेवटपर्यंत दिसला नाही, पण दहा मिनिटांनी तिने विचारले, “अरे, ती पोरं सारखी कुंपणावरून उड्या मारून आत-बाहेर का करतायत? कुणी धड खेळतच नाही.” मी तिला समजावले, की एक खेळाडू सलग पाऊण मिनिट जेमतेम खेळतो, मग दमतो, आणि खेळ न थांबवताच दुसरा त्याच्या जागी उतरतो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि ती म्हणाली, “आता त्यांचा बाक लांब गेला की रे.” मी गप्प झालो. दुसऱ्या वीस मिनिटांत बचाव करणाऱ्यांपासून बाक दूर पडतो, दमलेल्या खेळाडूंना बदली मिळत नाही, आणि प्रशिक्षक पॉल मॉरिस यांच्या पद्धतीचा सगळा डाव त्यावर उभा आहे: पक प्रतिस्पर्ध्याच्या गोलमागे ढकलायचा, त्यांच्या बचावपटूला वळून तो आणायला लावायचा, आणि तो वळला की त्याला फळ्यांवर धडक द्यायची. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे धावतो, म्हणून बाकाकडे पोचू न शकलेला, गुडघ्यांवर काठी टेकून वाकलेला बचावपटू तिथे दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला, आणि त्यानंतर मी पक पाहणे जवळजवळ सोडून दिले.

फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांनी मात्र संघाचे रूप बदलले. मॅथ्यू ट्काचुक देशादेशांच्या स्पर्धेत जखमी झाला आणि नियमित हंगामाला मुकला. त्याचे 95 लाख डॉलर दीर्घकालीन जखमींच्या यादीत गेल्यामुळे तेवढी जागा मोकळी झाली. संघाचे महाव्यवस्थापक बिल झिटो यांनी 1 मार्चला शिकागोहून सेथ जोन्स आणि 7 मार्चला बॉस्टनचा कर्णधार ब्रॅड मार्शांड आणला. तेव्हा प्लेऑफमध्ये पगारमर्यादा लागू नसल्यामुळे ट्काचुक बरा होऊन परतल्यावर सगळेच एकत्र खेळू शकले. हे तेव्हाच्या नियमात बसत होते, इतर संघांनीही हेच केले होते. तरी पक्का चाहता असूनही मला ते थोडे टोचले. लगेच 10 मार्चला बचावपटू आरोन एकब्लाडवर बंदी असलेल्या द्रव्याच्या सेवनाबद्दल वीस सामन्यांची बंदी आली. गतविजेत्यांचा हंगाम म्हणजे मिरवणूक असेल, ही माझी समजूत तोपर्यंत पार उतरली होती.

आता प्लेऑफ, आणि माझे दुखणे. तिसऱ्या क्रमांकामुळे प्रत्येक मालिकेची सुरुवात परक्या रिंकवर झाली, आणि सातपैकी जास्तीत जास्त तीन सामने घरी, असा हंगामी तिकीटधारकाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार पदरी पडला. भागीत एकाआड एक हा नियम होता आणि घरचा पहिला सामना माझा होता. टॅम्पा बे लायटनिंगविरुद्ध तो आपण 1-5 असा हरलो. पुढचा, भागीदारांचा, जिंकलो. टोरांटो मेपल लीफ्सविरुद्ध पहिले दोन सामने तिकडे हरून संघ घरी आला, तेव्हा जादा वेळेत मार्शांडने गोल करून 5-4 असा विजय मिळवला, आणि तो माझा सामना होता; एरवी ज्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षे शिव्या घातल्या, त्याच्या नावाने मी घसा बसेपर्यंत ओरडलो. त्या वसंतातला घरी पाहिलेला माझ्या वाट्याचा विजय तो एकच. टोरांटोला सहाव्या सामन्यात घरीच बाहेर काढायची संधी होती. माझी पाळी, 0-2 असा पराभव. मग संघाने टोरांटोत जाऊन सातवा सामना 6-1 असा जिंकला. कॅरोलायना हरिकेन्सविरुद्ध तिसरा सामना भागीदारांनी 6-2 असा पाहिला; मालिका संपवण्याची संधी असलेल्या चौथ्याला मी गेलो, 0-3. अंतिम फेरीत पुन्हा एडमंटन. तिसरा सामना भागीदारांचा, 6-1 असा विजय. चौथा माझा: पहिल्या वीस मिनिटांत 3-0 अशी आघाडी, मग ती विरघळताना पाहत बसलो, वीसएक सेकंद उरले असताना राइनहार्टने 4-4 केले, आणि जादा वेळेत लिऑन ड्रायझाइटलने गोल मारून सगळे एरिना शांत केले.

नंतर बसून हिशेब केला. त्या प्लेऑफमध्ये संघ घरी दहापैकी चार सामने हरला, आणि ते चारही माझ्या पाळीचे होते. परक्या रिंकवर मात्र तेरापैकी दहा जिंकले. अंतिम फेरीपूर्वीच्या तिन्ही मालिका संघाने टॅम्पा, टोरांटो आणि (कॅरोलायनाच्या) रॅले इथे जाऊन संपवल्या. म्हणजे गतविजेत्यांचे सर्वोत्तम हॉकी पाहायला हंगामी तिकिटापेक्षा घरचा सोफा बरा होता. घरच्या रिंकवर निर्णायक क्षण पाहायला मिळतील एवढ्याच आशेवर कुणी तिकीट घेत असेल, तर त्याने मोठ्या संघांविरुद्धचे सात-आठ सामने सुटे निवडावेत. खेळ समजून घ्यायचा असेल, तर मात्र मंगळवारच्या त्या थकलेल्या सामन्यांना पर्याय नाही. मे महिन्यात टोरांटोचे बचावपटू तिसऱ्या सत्रात पक सोडून आधी मागे वळून पाहू लागले, ते टीव्हीवरही माझ्या लक्षात आले, ते त्या सरावामुळेच.

17 जूनचा सहावा सामना अर्थातच भागीदारांचा होता. एरवी ते मुलाला नेत. मुलगा सुट्टीला सांगलीला गेला होता. दोन दिवस त्यांनी काही ठरवले नाही. मग फोन आला: “चला, पण तुमची खुर्ची मला द्या, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. तुमच्या पायगुणावर माझा विश्वास राहिलेला नाही.” मला पांढऱ्या पायाचा ठरवण्यात आले होते, आणि आकडे त्यांच्या बाजूने होते. मी निमूटपणे त्यांच्या खुर्चीत बसलो. पाच मिनिटांच्या आत राइनहार्टने पडता पडता पहिला गोल मारला. भागीदारांनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. राइनहार्टने त्या रात्री एकट्याने चार गोल केले, त्यातले दोन एडमंटनने शेवटी जादा खेळाडू उतरवण्यासाठी गोलरक्षक काढून घेतल्यावर, 5-1. पंधरा गोल करणारा सॅम बेनेट प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बर्फावर प्लास्टिकच्या उंदरांचा पाऊस पडला. संघ मायामीत असताना, 1995 मध्ये, स्कॉट मेलनबीने पोशाखाच्या खोलीत एक उंदीर काठीने मारून त्याच रात्री दोन गोल केले होते, तेव्हापासूनची ही प्रथा आहे. बार्कोव्हने चषक उचलला आणि पहिल्यांदा दिला तो नेट श्मिटला, जो आदल्या वर्षी या संघात नव्हता.

आम्ही पुढच्या हंगामाचे तिकीट पुन्हा भागीत घेतले आहे. करारात एकच बदल झाला: प्लेऑफ आले, तर घरचा पहिला सामना त्यांचा.