गॉल की त्रिंकोमाली?
श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचे एकच गाव पाहायचे असेल, तर निवड आधी पावसावर ठरते. डिसेंबर ते मार्च गॉल उत्तम असते. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी तिथला समुद्र खवळतो, तेव्हा पूर्वेकडचे त्रिंकोमाली बहुधा कोरडे असते आणि उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी तेच निवडावे. तिथे समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोणेश्वराचे मंदिर आहे, जवळच निलावेलीची पुळण आहे. तरीही माझा कल निःसंशय गॉलकडे आहे, कारण पोर्तुगिजांनी आरंभलेला, १६४० नंतर डचांनी भक्कम केलेला आणि १९८८ मध्ये जागतिक वारसा ठरलेला तिथला कोट आजही नांदता आहे. त्यात घरे, शाळा, चर्च आणि मशीद शेजारी शेजारी आहेत, आणि तटावरून पायी फिरताना एका बाजूला कौलारू छपरे, तर दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो. शिवाय कोलंबोहून येणारी रेल्वे बराच वेळ किनाऱ्यालगतच धावते.